हायब्रिड ट्रेलर घेताय? पलंग मोजण्याआधी फाटक मोजा

गाडीमागे ओढत नेऊन मुक्काम करायचा ट्रेलर बघायला गेलेलं कुटुंब आधी काय करतं? आत शिरतं. मुलं तंबूच्या टोकाला जाऊन लोळतात, आई ओटा ओढून बघते, बाबा छताला हात लावून किंमत विचारतात. आपल्या गाडीच्या मॅन्युअलचं पान मात्र कोणी उघडत नाही. नागपुरात हौसेनं ट्रेलर घेऊन पस्तावलेले जे चार-पाच जण माझ्याकडे सल्ल्याला आले, त्या सगळ्यांचा घोटाळा एकच होता: क्रम उलटा. पलंग आधी पाहिले, वजन नंतर कळलं आणि घराचं फाटक सगळ्यात शेवटी आठवलं.

हायब्रिड म्हणजे अर्धा डबा, अर्धा तंबू. त्याचे तीन प्रकार दिसतात. पहिल्यात टणक डब्याच्या दोन्ही टोकांना पलंग बाहेर उघडतात आणि त्यांच्यावर कापडाचा तंबू असतो. दुसऱ्यात छत वर उचललं जातं आणि मधल्या भिंती कापडाच्या असतात. तिसरा खडबडीत रस्त्यांसाठीचा: झोपायला टणक डबा, स्वयंपाकाचा ओटा बाजूनं बाहेर सरकणारा आणि वर कापडी मांडव. आपण ज्याला हायब्रिड म्हणतो तो यांपैकी कोणता, हे विक्रेत्याशी बोलताना पहिल्याच वाक्यात स्पष्ट करून घ्या.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा. एका पायरीवर उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढची करू नका.

## १. ट्रेलर घरी कुठे उभा राहणार?

वर्षातले वीस-पंचवीस दिवस ट्रेलर बाहेर असेल. उरलेले सगळे दिवस तो तुमच्या दारात असणार आहे.

विक्रेता ‘बारा फुटी’ म्हणतो तेव्हा तो डब्याची लांबी सांगतो. गाडीला जोडायचा पुढचा दांडा धरला की तोच ट्रेलर सोळा फुटांच्या आसपास जातो. त्यामुळे टोकापासून टोकापर्यंतचं माप मागा. मग घरी टेप घेऊन फाटकाची रुंदी, पोर्चच्या स्लॅबची उंची आणि फाटकासमोरच्या गल्लीची रुंदी मोजा. आपल्याकडच्या जुन्या लेआउटमध्ये फाटक दहा फुटी असतं, पण समोरची गल्ली पंधरा-वीस फुटी आणि पलीकडे शेजाऱ्याची कार उभी. अशा जागी ट्रेलर उलटा आत घालणं नवख्याला जमत नाही. दांड्याला जॉकी व्हील, म्हणजे खाली टेकणारं छोटं चाक, असेल तर गाडी सोडून ट्रेलर हातानं ढकलून आत नेता येतो, पण त्यासाठी जमीन सपाट हवी. माझ्या साळ्याच्या फाटकापुढे नालीवर चढ आहे. चार माणसं लावूनही साडेसातशे किलोंचा डबा तो चढला नाही आणि आता सासऱ्यांच्या शेतावर मांगरात पडून आहे.

फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल तर सोसायटीची परवानगी लेखी घ्या. ‘बघू, होऊन जाईल’ ही परवानगी नव्हे.

तपासा: उभ्या जागेवर दुपारचं ऊन किती तास पडतं ते पाहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उघड्यावर ठेवलेल्या ट्रेलरचे टायर न चालताच कडेनं भेगाळतात, कापडाची शिवण कडक होते. शेड नसेल तर त्याचा खर्च आत्ताच किमतीत धरा.

## २. तुमची गाडी ओढू शकते का?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढण्याबद्दल काय लिहिलंय ते शोधा. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नये असंच स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला. इंजिन ताकदवान आहे, मामाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली एकदा ओढली होती, असल्या गोष्टींनी तो पुन्हा सुरू होत नाही. ओढताना क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक तापतात. अपघात झाला तर विमा कंपनी तेच पान तुमच्यापुढे ठेवेल.

आकडा दिलेला असेल तर तो दोन प्रकारे असतो: ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी. दुसरा आकडा बराच कमी असतो. सोबत हुकावर खाली किती भार चालेल तोही पाहा.

नवख्यासाठी एक जास्तीची कात्री लावा: भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका. मागचा डबा जड झाला की उतारावर तोच गाडीला हाकतो.

## ३. वजनाचा हिशेब वहीत मांडा

ही पायरी लोक तोंडी करतात आणि तिथेच फसतात. दोन वेगळे हिशेब आहेत, गाडीचा आणि ट्रेलरचा.

गाडीचा. समजा गाडी रिकामी १,८५० किलो आणि तिचं जास्तीत जास्त मान्य वजन २,४५० किलो. म्हणजे हातात ६०० किलो. आई-बाबा, दोन मुलं आणि आजी मिळून ३००. डिकीतलं सामान ७०. हुकाचा सांगाडा २५. आणि जे सगळे विसरतात ते: ट्रेलरचा दांडा हुकावर जो भार टाकतो, समजा ९५ किलो, तोही गाडीच्याच खात्यात जातो. बेरीज ४९०. उरले ११० किलो, म्हणजे जमलं. आजोबाही आले आणि टपावर कॅरिअर चढवलं, तर जमणार नाही.

ट्रेलरचा. पाटीवर जास्तीत जास्त वजन १,०५० किलो. बनवणाऱ्यानं रिकामं वजन ६५० सांगितलं. आम्ही असाच एक ट्रेलर धरमकाट्यावर घातला तेव्हा काटा ७९० वर थांबला. सांगितलेल्या वजनात बॅटरी, मांडव, स्टेपनी आणि ओट्याची चूल धरलेलीच नव्हती. खरी सामानाची जागा मग २६० किलो. त्यात पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, ५ किलो गॅसचं छोटं सिलिंडर टाकीसकट १३, अंथरूण-पांघरूण ३०, भांडी आणि किराणा ३५, खुर्च्या-टेबल २५, जमिनीवरची ताडपत्री-खुंट्या २०, कूलर १५, कपडे ४०. झाले २३८. उरले २२ किलो, आणि मुलांच्या सायकली अजून अंगणातच आहेत.

म्हणून रिकामं वजन ऐकून घेऊ नका, मोजून घ्या. कळमन्याकडे किंवा वाडीत धरमकाटे भरपूर आहेत. पावती घेऊन ती वहीत चिकटवा.

थांबा: हुकावरचा भार भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण ८ ते १० टक्के असावा आणि गाडीच्या मर्यादेत बसावा. तो फार कमी असला, म्हणजे सगळं जड सामान मागच्या टोकाला भरलं, तर वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. ट्रेलर सपाट फरशीवर उभा करा, चाकं सरकू नयेत म्हणून दगड किंवा ठोकळे लावा आणि दांड्याचं टोक हुकाच्या उंचीला राहील असा लाकडी ठोकळा बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवून मोजा. घरगुती काट्याची कमाल मर्यादा आधी बघा.

## ४. कोण कुठे झोपणार?

पत्रकात ‘सहा जणांसाठी’ लिहिलेलं असतं. त्यातले दोन जण जेवणाच्या टेबलाचा पलंग करून झोपणारे असतात. म्हणजे रात्री टेबल मोडायचं आणि सकाळी आजीला चहा हवा असताना मुलांना उठवून पुन्हा मांडायचं. पाच माणसांच्या कुटुंबाला टेबल न मोडता पाच झोपण्याच्या जागा मिळाल्या, तर तो ट्रेलर चांगला समजा.

तंबूच्या टोकाचा पलंग जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर असतो. त्यावर चढणं मुलांना आवडतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला नाही. वडीलधाऱ्यांना टणक डब्यातली खालची जागा द्या आणि रात्री उठून बाहेर पडताना पायरी किती उंच आहे ते त्यांनाच पायरी चढ-उतर करायला लावून बघा. बाहेर काढलेल्या प्रत्येक पलंगाला किती किलो चालतात हे लेखी घ्या. दोन मोठी माणसं म्हणजे १४०-१५० किलो होतात आणि सकाळी दोन्ही मुलं त्याच पलंगावर उडी मारणार.

आता आपल्या भागाचा प्रश्न. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे म्हणूनच ट्रेलरची हौस येते. पण जंगलाच्या कडेला कापडाच्या भिंतीआड झोपणं आणि आत दार लावून झोपणं यात फरक आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा अस्वलं पहाटे झाडाखाली येतात. पेंचच्या सिल्लारी, खुर्सापार किंवा ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे जाणार असाल तर कुंपण आणि रात्रीचा राखणदार असलेल्या आवारातच ट्रेलर लावा. तुमचे बहुतेक मुक्काम असेच जंगलाजवळ होणार असतील, तर टोकाला तंबू उघडणाऱ्या प्रकारापेक्षा तिसरा, टणक डब्यात झोपायचा प्रकार बघा. पलंग दोनने कमी होतील, झोप मात्र लागेल.

माकडांचं वेगळंच. रामटेकला गडमंदिर बघितलेल्या माणसाला त्यांच्याबद्दल सांगायला नको. कापडी भागात केळी, बिस्किटं ठेवून फिरायला गेलात तर परत येईपर्यंत जाळी फाटलेली असते.

## ५. कापड

हायब्रिडमध्ये सगळ्यात आधी खराब होणारी वस्तू कापड आहे आणि विकत घेताना सगळ्यात कमी वेळ त्यालाच दिला जातो.

सुती मिश्रणाचं जाड कॅनव्हास श्वास घेतं. आत दमट होत नाही, उन्हात पॉलिस्टरइतकं तापत नाही, पण जड असतं आणि सुकायला वेळ घेतं. पॉलिस्टर हलकं, लवकर सुकतं, पण पाच माणसांच्या श्वासानं पहाटे आतून ठिबकतं. पीव्हीसीचा थर दिलेलं कापड पाऊस पूर्ण अडवतं आणि उन्हाळ्यात भट्टी होते. मला विचाराल तर भिंतींना सुती मिश्रण आणि वरच्या छताला पाणी अडवणारा थर, ही जोडी आपल्या हवेला बरी.

घेण्याआधी हे करा:

- तंबू पूर्ण उघडायला लावा आणि बागेचा पाइप शिवणीवर दहा मिनिटं धरा. आत बोट फिरवा.
- सुती कॅनव्हास नवीन असेल तर सुयांच्या भोकांतून थोडं पाणी येईल. ते दोन-तीन वेळा भिजवून पूर्ण सुकवलं की दोरा फुगून भोकं मिटतात. त्यानंतरही ठिबकलं तर शिवण खराब.
- चेन दहा वेळा उघडबंद करा. अडखळणारी चेन पहिल्याच पावसात तुटते.
- मच्छरदाणीची जाळी बारीक आहे का पाहा. खिंडसीसारख्या तलावाकाठी संध्याकाळी मोठ्या भोकांच्या जाळीचा उपयोग नाही.
- फक्त कापड बदलायचं झालं तर किती लागतील आणि ते कोण शिवतो, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ट्रेलरचं आयुष्य त्या कापडाइतकंच.

थांबा: ओलं कापड घडी घालून ठेवू नका. मी स्वतः हे केलंय. सप्टेंबरअखेर परतताना सावनेरच्या पुढे सर आली, थकलेलो होतो, ‘उद्या उघडू’ म्हणून झाकलं आणि ते उद्या आठ दिवसांनी आलं. काळे ठिपके पडले होते. ते निघत नाहीत आणि वास वर्षभर जात नाही. नाइलाजानं ओलं घडी घातलं तर दुसऱ्या दिवशी, फार तर दोन दिवसांत, उघडून पूर्ण सुकवा. म्हणजे घरी तंबू उघडता येईल इतकी जागा हवी. पहिल्या पायरीचं माप घेताना बंद ट्रेलर नाही, उघडलेला ट्रेलर धरा.

कापड साबणानं धुऊ नका, पाणी अडवण्याचा गुण जातो. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं.

## ६. गारवा, वीज, गॅस

विक्रेता एसी दाखवेल. पण तंबूची टोकं उघडली की एसीचा गारवा कापडातून बाहेर जातो. शिवाय एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो आणि १२ व्होल्ट, १०० अॅम्पिअर-तासांच्या बॅटरीत एकूण १,२०० वॅट-तासच असतात. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे, नाहीतर ती लवकर मरते. लिथियममधले हजारभर वापरता येतात. म्हणजे बॅटरीवर एसी तासभर चालेल, रात्रभर नाही.

आपल्याकडचं उत्तर आपल्या खिडकीतच लटकलेलं आहे: कूलर. एप्रिल-मेमधली नागपूरची हवा कोरडी असते आणि कूलरला आत आलेली हवा बाहेर जायला वाट लागते. कापडी जाळ्या ती वाट आयतीच देतात. छोटा कूलर दीडशे वॅटच्या आसपास चालतो, पण तोही आठ तासांत एक अख्खी बॅटरी खातो. त्यामुळे मुक्कामाच्या जागी प्लग मिळणार असेल तरच त्याचा विचार करा. रात्रभरासाठी ३०-४० लिटर पाणी वेगळं लागेल, ते पिण्याच्या पाण्यात धरू नका. जुलैपासून कूलर घरीच ठेवा. दमट हवेत तो फक्त गादी ओली करतो.

बॅटरीचा हिशेब असा करा: दोन डीसी पंखे दहा तास म्हणजे ५००, दिवे १००, मोबाइल ७५, छोटा फ्रीज दिवसाला ५००. झाले पावणेबाराशे वॅट-तास. २०० वॅटची सोलर पाटी चांगल्या उन्हाच्या दिवशी सहा-सातशे परत देते. फ्रीज सोडून बर्फाची पेटी घेतली की हिशेब लगेच जमतो. आम्ही तेच करतो.

बाहेरून वीज घ्यायची सोय असेल तर ट्रेलरमध्ये ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. लोखंडी डबा, ओली जमीन आणि अनवाणी मुलं असा तो मामला आहे.

गॅस: घरचं १४.२ किलोंचं सिलिंडर नेऊ नका. गॅस एजन्सीत ५ किलोंचं मिळतं, तेच न्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला बाहेर उघडणारं भोक आहे का ते वाकून बघा. कापडाच्या आत चूल पेटवायची नाही, पावसातही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

## ७. कागद

कायद्यानं ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःची नंबरप्लेट आणि स्वतःचा विमा लागतो. एखादा फॅब्रिकेटर ‘गाडीच्या नंबरवर चालून जाते भाऊ’ म्हणाला, तर चहा पिऊन निघा.

पैसे देण्याआधी टाइप अप्रूव्हलच्या, म्हणजे ते मॉडेल तपासून मंजूर झाल्याच्या, प्रमाणपत्राची प्रत मागा. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य चाचणी संस्थेनं दिलेलं असावं आणि त्यावरचं मॉडेल तुम्ही घेताय तेच असावं. ती प्रत घेऊन तुमच्या आरटीओत जा. पत्त्याप्रमाणे एमएच ३१, ४० किंवा ४९ यांपैकी जे लागत असेल तिथे. नोंदणी होईल का, तुमच्या गाडीला हुक बसवायला काय लागेल आणि तुमच्या लायसन्सवर चालेल का, हे तिन्ही प्रश्न तिथेच विचारा. हुक आधी बसवून मग विचारायला जाणारे पुष्कळ आहेत.

## ८. बघायला जाताना

सकाळी जा, उजेडात. जुना कपडा आणि टॉर्च न्या, ट्रेलरखाली झोपून बघायचंय.

चासीला वेल्डिंगच्या जागी गंज किंवा ताजा रंग दिसतो का? फक्त त्याच ठिकाणी ताजा रंग असेल तर खाली काय आहे ते विचारा. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर नक्षी कितीही चांगली असली तरी बदलायचा आणि त्याचे पैसे किमतीतून कापायचे.

ब्रेक कसला आहे ते विचारा. ओव्हररन ब्रेकमध्ये गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकतो आणि त्याच दाबानं त्याचा ब्रेक लागतो. भरलेलं वजन ७५० किलोंच्या वर असेल तर ब्रेक नसलेला ट्रेलर मी फुकटही घेणार नाही. सुरक्षा साखळ्या दोन हव्यात. ट्रेलर सुटला तर ब्रेक ओढणारी बारीक तारही हवी.

हुकाचा गोळा आणि त्यावर बसणारा दांड्याचा कपलर एकाच मापाचे आहेत ना? ५० मिलिमीटर आणि दोन इंच यांत जेमतेम फरक दिसतो, पण जोडी जुळलेली हवी. मागच्या दिव्यांचा प्लग लावून इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्स सगळं एकेक करून पाहा, एकाला मागे उभं करून.

शेवटी मालकाला बाजूला बसवा आणि तंबू तुम्ही दोघं नवरा-बायको मिळून उघडा, बंद करा. घड्याळ लावा. पहिल्या वेळी चाळीस मिनिटं लागली तरी चालेल, पण तिसऱ्या माणसाची गरज पडत असेल तर तो ट्रेलर तुमचा नाही.

## ९. पहिली रात्र अंगणात, दुसरी पन्नास किलोमीटरवर

पहिली रात्र घरीच ट्रेलरमध्ये काढा. काय विसरलं ते दहा पावलांवर मिळतं. आजी पहाटे दोनला घरात निघून गेली तर का गेली ते विचारा, उत्तर उपयोगाचं असतं.

मग जवळचा मुक्काम करा. मनसरवरून रामटेककडे वळून खिंडसीपर्यंतचा रस्ता शिकायला चांगला आहे, सपाट आणि परतणं सोपं. सुरुवातीचे दौरे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. चिखलदऱ्याचा घाट पहिल्या सहा महिन्यांत नको.

- ताशी ६०-७० च्या वर जाऊ नका. शेपूट हलायला लागली तर एकदम ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगनं झुंजू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा.
- चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही. झोपलेलं मूलसुद्धा नाही.
- निघाल्यावर पंचवीस-तीस किलोमीटरवर थांबा आणि चाकाच्या हबजवळ हात न्या. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ग्रीस नाही, पुढे जाऊ नका.
- काळ्या मातीत ट्रेलर लावू नका. कोरडी असताना ती दगडासारखी वाटते, रात्री एक सर आली की चाकं रुततात आणि जॉकी व्हील तर दिसेनासं होतं. मुरुमाची जागा शोधा. दोन जाड फळ्या कायम सोबत ठेवा.

परत आल्यावर सामान उतरवायच्या आधी तंबू उघडून टाका, सकाळच्या दवानंही शिवणी ओल्या राहतात. तो सुकेपर्यंत वहीत काय वापरलंच नाही त्याची यादी करा. आमच्या पहिल्या यादीत सतरा वस्तू होत्या. धरमकाट्यावर त्या ४१ किलो भरल्या आणि दोन सायकली त्यात बसल्या.